शिक्षकांनो, कोल्हापुरात पहिलं घर घ्यायचंय? फ्लॅट नंतर बघा, आधी पगारपत्रक काढा

आमच्या शाळा-केंद्रात शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून नवीन लागलेले सर-मॅडम आले की मधल्या सुट्टीत डबे उघडता उघडता एक विषय निघतोच, मॅडम फ्लॅट बघायचाय, कळंब्याला बघू का आर. के. नगरला? मी दरवेळी उलट विचारते, शालार्थची, म्हणजे पगाराच्या ऑनलाईन प्रणालीतली, पे स्लिप बघितलीस का नीट? कुणी बघितलेली नसते. हातात किती येतात तेवढं माहिती असतं, कपातीचा रकाना कुणी वाचत नाही. आणि आपल्या शिक्षकांचं घर अडतं ते बहुतेक वेळा त्याच रकान्यात, हे मी माझ्या आणि बरोबरच्या चार-पाच जणांच्या अनुभवावरून सांगते. म्हणून हा लेख लिहायला घेतला, क्रमानं सांगते, घाईत असाल तरी पहिले दोन मुद्दे सोडू नका.

पहिलं काम, पे स्लिप घेऊन बसायचं

एक उदाहरण घेऊ. प्राथमिक शिक्षक, मानधनावरचा तीन वर्षांचा शिक्षण सेवक कालावधी संपवून नुकताच वेतनश्रेणीत आलेला, बेसिक 29,200. महागाई भत्ता म्हणजे डीए बदलत राहतो, हिशोबापुरता 55 टक्के धरला तर 16,060. खेड्यातल्या शाळेचा घरभाडे भत्ता 10 टक्के धरून 2,920. झाले 48,180. यातनं बेसिक आणि डीए मिळून जी रक्कम होते तिच्या 10 टक्के एनपीएसच्या पेन्शन कपातीला, म्हणजे 4,526, आणि व्यवसाय कर 200. गटविम्याचं किरकोळ सोडलं तर हातात साधारण 43 हजार.

आता बँक काय बघते, की सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या साधारण निम्म्यात बसतात का. बँकेबँकेत थोडं इकडंतिकडं होतं पण निम्मं धरून चाला. म्हणजे साडेएकवीस हजारांच्या आसपास. साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षं मुदत धरली तर लाखाला हप्ता बसतो 868 रुपये. भागून बघा, जवळजवळ 25 लाखांचं कर्ज बसतं. 

पण याच शिक्षकानं लग्नाला पतसंस्थेतनं पाचेक लाख काढलेत आणि त्याची महिन्याला 9 हजार कपात चालू आहे असं समजा. मग घराच्या हप्त्याला उरले साडेबारा हजार, म्हणजे कर्ज बसतं साडेचौदा लाखांच्या आसपास. लग्नाच्या पाच लाखांनी घरातले दहा लाख खाल्ले. हे गणित मी फळ्यावर मांडून दाखवल्यासारखं प्रत्येकाला दाखवते, कारण पोरं म्हणतात मॅडम थोडंच राहिलंय की पतसंस्थेचं. थोडं असेना, बँकेला राहिलेली रक्कम दिसत नाही, हप्ता दिसतो. म्हणून घरासाठी अर्ज करायच्या आधी सहा-आठ महिने ते पतसंस्थेचं कर्ज मिटवा, कर्ज संपल्याचा निल दाखला घ्या आणि पुढच्या दोन-तीन स्लिपा कोऱ्या येऊ द्या. मोबाईल, टीव्ही हप्त्यानं घेतलेला असेल तर तोही संपवा, दीड हजाराचा हप्ता म्हणजे पावणेदोन लाखांचं घरकर्ज कमी.

पतसंस्था वाईट आहेत असं मी म्हणत नाही हां. आपल्या जिल्ह्यात प्राथमिकवाल्यांची शिक्षक बँक आहे, माध्यमिकवाल्यांची कोजिमाशि पतसंस्था आहे, रात्री दवाखान्यात पैसे लागले तर दुसऱ्या दिवशी दारात कोण उभं राहतं हे सगळ्यांना माहिती आहे. फक्त तिथलं कर्ज सहज मिळतं म्हणून सहज काढलं जातं.

दुसरं, जामीन

हे जरा सविस्तर सांगते. आपल्यात एकमेकांना जामीन राहायची पद्धत आहे, नवीन माणूस शाळेत जॉईन झाला की महिन्याभरात कुणीतरी फॉर्म घेऊन येतं, सर सही करा नुसती, औपचारिकता आहे. नाही म्हणायला जीव होत नाही कारण उद्या आपल्यालाही लागणार. पण कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्यानं हप्ते थकवले तर तुमच्या पगारातनं कपात सुरू होऊ शकते आणि ते कर्ज तुमच्या सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, पण दिसू शकतं.

माझ्याच बाबतीत झालं. मी तीन जणांना जामीन होते, त्यातल्या एकाचे हप्ते थकले, मला पत्ताच नाही. घराचं कर्ज मंजुरीला गेलं तेव्हा बँकेतनं विचारणा आली की हे थकीत काय आहे. त्या माणसाच्या घरी आजारपण होतं, त्याला तरी काय बोलणार. पण माझं प्रकरण चार महिने अडकलं, तेवढ्यात ज्यांचा फ्लॅट होता त्यांनी दुसऱ्याला दिला. मी तेव्हा खूप रडले होते, खरं सांगते. 

म्हणून नियम करा, घर होईपर्यंत एकाच माणसाला जामीन, आणि तोही असा की ज्याच्या घरचं तुम्हाला माहिती आहे. नाही म्हणताना सरळ सांगायचं, घराचं प्रकरण टाकायचंय, बँकेनं जामीन नको म्हणून सांगितलंय. आपल्या माणसांना हे कारण पटतं. आणि वर्षातनं एकदा सिबिलचा रिपोर्ट फुकट मिळतो तो काढून बघा, कुणाच्या कर्जाला तुमचं नाव लागलंय ते तिथं कळतं.

अजून शिक्षण सेवक आहात, किंवा शाळा विनाअनुदानित आहे

सेवकांचं मानधन जानेवारी 2023 पासून प्राथमिकला 16 हजार, माध्यमिकला 18 आणि उच्च माध्यमिकला 20 हजार आहे. या तीन वर्षांत घरकर्जाच्या नादाला लागू नका, एकतर बँका एवढ्यावर फारसं देत नाहीत आणि दिलं तरी पुरत नाही. पण ही तीन वर्षं वाया जात नाहीत. गावाकडं किंवा शेअरिंगच्या खोलीत राहून महिन्याला तीन-चार हजारांचं आरडी लावलं तर तीन वर्षांत सव्वा-दीड लाख जमतात आणि कुठलंच कर्ज नाही असा स्वच्छ रेकॉर्ड तयार होतो. वेतनश्रेणी सुरू झाली की पहिल्या महिन्यापासून वाढीव पगारातला निम्मा बाजूला टाका, हातात खेळायची सवय लागायच्या आत. 

अंशतः अनुदानित शाळेतल्यांचं दुखणं वेगळं. अनुदान 20, 40, 60 असं टप्प्यानं येतं, बँक आज जे खात्यात जमा होतं तेवढंच धरते, पुढचा टप्पा येणार आहे हे ऐकून घेत नाही, आणि तुम्हीही त्याच्या भरवशावर हप्ता ठरवू नका. खासगी इंग्लिश मीडियमला असाल आणि पगार रोख मिळत असेल तर आजच सांगा की खात्यावर टाका, आणि उत्पन्न कमी असलं तरी दरवर्षी रिटर्न भरत राहा. दोन-तीन वर्षांची रिटर्नं आणि बँक स्टेटमेंट हाच तुमचा पगार दाखला. नवरा-बायको दोघांचं उत्पन्न एकत्र दाखवून अर्ज करता येतो, त्याचा विचार करा.

अजून एक, आठव्या वेतन आयोगाची वाढ येईल म्हणून मोठा हप्ता धरू नका. सातवा आयोग लागू धरला 1 जानेवारी 2016 पासून आणि आपल्या हातात वाढीव पगार यायला 2019 उजाडलं. हातात आलेल्या पगारावर हप्ता बसवा, फरक मिळाला तर तो मुद्दलात भरायला ठेवा.

खिशातनं किती लागतात

समजा फ्लॅट 30 लाखांचा. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते, म्हणजे 27 लाख, तेही पगारात बसलं तर. तीन लाख तुमचे. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत 6 टक्के, म्हणजे 1 लाख 80 हजार. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30 हजार. बांधकाम चालू असलेला घेतला तर जीएसटी, कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ 90 चौरस मीटरच्या आत आणि किंमत 45 लाखांच्या आत असेल तर 1 टक्का, नाहीतर 5 टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा जुन्या फ्लॅटला जीएसटी नाही. मग वकील, बँकेची फी, लाईटचं मीटर, सोसायटीची अनामत. सगळं मिळून सहा लाख हाताशी पाहिजेत. मुद्रांक आणि नोंदणी बँक कर्जात धरत नाही हे लई जणांना शेवटच्या आठवड्यात कळतं आणि मग पळापळ करून पुन्हा पतसंस्थेत जातात. त्यापेक्षा घर एक वर्ष पुढं ढकला. 

याला हातभार लावणाऱ्या चार गोष्टी आहेत.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट, 30 लाखांला 30 हजार वाचतात. दस्तात नवऱ्याचं नाव मालक म्हणून घातलं की सूट गेली. नवरा कर्जाला सहकर्जदार म्हणून राहू शकतो, मालकीत असलाच पाहिजे असं नाही, बँकेला आधी विचारून घ्या. पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही अशी पूर्वी एक अट होती, ती 2023 मध्ये काढली.

दुसरी, पंतप्रधान आवास योजना शहरी 2.0 मधली व्याज सवलत. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत आणि ते 1 सप्टेंबर 2024 नंतर मंजूर झालेलं. पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के सवलत, जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. आमचं गणित बघा, वरच्या उदाहरणातल्या शिक्षकाचं वर्षाचं उत्पन्न पावणेसहा लाखांच्या आसपास येतं, म्हणजे एकटा कमावता असेल तर आरामात बसतो. दोघं शिक्षक असतील तर बसत नाही. कुटुंबातल्या कुणाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नको, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. इथं एक खाचखळगा आहे, वडील गेल्यावर वारसनोंदीत गावाकडच्या घराला तुमचं नाव लागलंय का ते ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा काढून आधी बघा. आणि कर्ज उचलायच्या आधीच बँकेला विचारा की या योजनेत अर्ज घेता का आणि ते घर योजनेच्या हद्दीत येतं का.

तिसरी, एनपीएस. तीन वर्षं झाली असतील तर पहिल्या घरासाठी स्वतःच्या वर्गणीच्या 25 टक्क्यांपर्यंत काढता येतात, सरकारच्या वाट्यातले नाहीत. वडिलोपार्जित सोडून दुसरं घर नावावर असेल तर नाही मिळत. दहा वर्षं नोकरी झालेल्याला लाखभर मिळतील, मुद्रांकाला हातभार. निवृत्तीचा पैसा आहे, तेव्हा खरंच अडलं तरच हात लावा.

चौथी, म्हाडा. कोल्हापूर पुणे मंडळात येतं, सोडत निघते तेव्हा जाहिरातीत कोल्हापूरची किती घरं आहेत बघा. अधिवास दाखला, उत्पन्नाचा पुरावा आणि ऑनलाईन नोंदणी आधीच करून ठेवा.

करसवलतीसाठी घर घ्या असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका. राहत्या घराच्या व्याजाचे 2 लाख आणि 80 सी कलमातली वजावट जुन्या करप्रणालीत आहेत, नवीनमध्ये नाहीत. आणि 2025-26 पासून नवीनमध्ये 12 लाखांपर्यंत कर लागत नाही, त्यामुळं आपल्यातल्या बऱ्याच जणांना त्या सवलतीचा उपयोगच उरलेला नाही.

घर कुठं बघायचं

सगळ्यात आधी बदलीचा विचार. मूळचे बाहेरच्या जिल्ह्यातले असाल आणि आंतरजिल्हा बदलीला अर्ज करणार असाल तर इथं घर घेऊ नका, भाड्यानं राहा. जिल्ह्यातलेच असाल तरी आज करवीरला असलेली शाळा उद्या चंदगडला जाऊ शकते, तेव्हा घर असं बघा की तुम्ही नसलात तरी घरचे तिथं नीट राहतील, बाजार, दवाखाना, पोरांची शाळा चालत. माझी शाळा शाहूवाडीत होती तेव्हा मी आठवड्यातनं एकदा घरी यायचे, घर स्टँडच्या रूटवर असल्याचा किती उपयोग झाला ते मलाच माहिती.

दुसरं, पूर. कोल्हापुरात घर घेताना जो पुराचं विचारत नाही त्यानं 2019 आणि 2021 बघितलेलं नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, आणि त्या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, नागाळा पार्क, रमणमळा, सुतारवाडा या भागांत पाणी आलं. नदी लांब आहे म्हणून निवांत राहू नका, जयंती नाल्यातनं पाणी उलटं शहरात येतं. निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा बघा, निळी म्हणजे 25 वर्षांतनं एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे 100 वर्षांतनं. दोन्हीच्या मधल्या जागेत बांधकामाला निर्बंध असतात. त्याहून सोपं म्हणजे शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा, 2021 ला पाणी कुठवर आलेलं? तो भिंतीवर हात लावून दाखवतो. बिल्डर म्हणतो पार्किंगपर्यंतच येतं, पण मीटर आणि मोटर पार्किंगलाच असते, दुसऱ्या मजल्यावर राहून आठ दिवस लाईट-पाणी नसेल तर काय करणार, घरात म्हातारी माणसं असतात.

तिसरं, पाणी, प्यायचं. पाचगाव, आर. के. नगर, मोरेवाडीकडं फ्लॅट शहरापेक्षा परवडतात, पण उन्हाळ्यात पाणी किती दिवसाआड येतं ते तिथं राहणाऱ्याला विचारा, एप्रिल-मे महिन्यात विचारा. काळम्मावाडीची थेट पाईपलाईन 2023 च्या नोव्हेंबरात आली ती महापालिकेची, तुमची बिल्डिंग हद्दीच्या आत का बाहेर यावर सगळं. टँकरला महिन्याला किती जातात ते हप्त्यात मिळवून मग परवडतंय का बघा. 

कागद

नवीन प्रोजेक्ट असेल तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, वेबसाईटवर नंबर टाकून बघा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉट आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट असतील तर नोंदणी लागतेच. करार नोंदवायच्या आधी बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. कितीही ओळखीचा असू दे, करार झाल्याशिवाय त्याच्या वर देऊ नका. भाव कार्पेटवर बोला.

शहरात मालमत्ता पत्रक, बाहेर सातबारा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 किंवा इतर हक्कात बोजा, कूळ, वारसांची नावं दिसली तर तिथंच थांबा आणि वकिलाला दाखवा. शहराभोवतीच्या 42 गावांत बांधकाम परवानगी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाची लागते, नुसता ग्रामपंचायतीचा दाखला दाखवत असतील तर बँक कर्ज देताना अडवेल. इमारतीत राहायला परवानगी असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र मागा. वकिलाकडून मालकीचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट करून घ्या, बँकेचा वकील बघतो म्हणून आपला नको असं करू नका, तो बँकेचं हित बघतो.

आणि कळकळीनं सांगते, नोटरीवर किंवा संमतीपत्रावर एक-दोन गुंठे शेतजमीन घेऊ नका. बिगरशेती होणार आहे, सगळे मास्तरच घेतायत, हप्त्यानं द्या, असं म्हणून आपल्याच लोकांकडनं आपल्यालाच विकलं जातं. नावावर होत नाही, कर्ज मिळत नाही, आणि घातलेले पैसे परत मागायला तोंड राहत नाही कारण विकणारा ओळखीतलाच असतो.

जुना फ्लॅट घेताना समोरचा म्हणेल थोडे रोख द्या, दस्त कमीचा करू. बँक कर्ज दस्ताच्या किमतीवर देते, म्हणजे रोख जेवढी वाढेल तेवढं कर्ज कमी, आणि आपल्याकडं रोख कुठली, सगळा पगार खात्यात. असा व्यवहार सोडून द्या, पुढं विकतानाही तोच त्रास होतो.

शेवटचे पंधरा दिवस

टोकन द्यायच्या आधी दोन-तीन बँकांतनं लेखी पूर्वमंजुरी घ्या, सहा महिन्यांच्या स्लिपा, फॉर्म 16, खात्याचं स्टेटमेंट, मुख्याध्यापकांचा पगार दाखला एवढं लागतं. टोकनच्या कागदावर एक ओळ लिहून घ्या, कर्ज मंजूर झालं नाही तर टोकन परत. माझ्या वेळी ही ओळ नव्हती, दुसऱ्यांदा घेताना मी स्वतः लिहून घेतली.

जिल्हा परिषदेत असाल तर स्थावर मालमत्ता घेताना कार्यालयाला कळवावं लागतं, वर्तणूक नियमात आहे. मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज द्या आणि पोच ठेवा. हे बरेच जण विसरतात आणि मत्ता-दायित्वाचं विवरण भरताना आठवतं.

बँकेत कर्जाबरोबर विमा घ्याच म्हणतील, लाखभराचा प्रीमियम कर्जातच मिळवतील. घरकर्जाला तोच विमा घ्यायची सक्ती नाही. पण मागं कमावतं कोणी नसेल तर कर्जाएवढा साधा टर्म विमा स्वतः बाहेरून घ्या, स्वस्त पडतो, आणि हा मात्र टाळू नका.

मुदत 20 का 30 वर्षं? 20 लाखांला साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता 17,356, 30 वर्षांचा 15,378. दोन हजारांसाठी एकूण पावणेचौदा लाख जास्त जातात. 20 च घ्या. आणि फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या घरकर्जाला मुदतीआधी पैसे भरले तर दंड नसतो, डीएचा फरक आला, वेतनवाढ झाली की जुलै-ऑगस्टात दहा-वीस हजार मुद्दलात टाका आणि बँकेला सांगून हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घ्या, न सांगता भरलं तर ते कुठं गेलं ते कळत नाही.

दस्त झाला की सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणीचा उतारा, घ्या, लाईट बिलावर आणि घरफाळ्याला नाव लावून घ्या. जुना फ्लॅट असेल तर आधीच्या मालकाची घरफाळ्याची थकबाकी दस्ताच्या आधीच बघा, नंतर ती भरायची वेळ तुमच्यावर येते. आमच्याकडं 11 हजार निघाली होती, मालकांनी भरून पावती दाखवली मगच आम्ही सही केली.